दहा हजार पावलं आणि सहा स्क्रू

माझ्या उजव्या घोट्यात एक प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. ते तिथं बसले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. मी देवळी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स आहे, पाच गावं माझ्याकडे. त्या दिवशी लसीकरणाचं सत्र होतं आणि शेवटच्या गावाला जायला पांदण रस्त्याशिवाय वाट नव्हती. आठवडाभर झड लागलेली. काळी माती अशी झाली होती की पाय उचलला तरी चप्पल खालीच राहायची. खांद्यावर लसीचा डबा. पाय घसरला तेव्हा मला एकच गोष्ट वाचवता येणार होती. मी डबा वाचवला. डबा छातीशी धरून खाली बसले आणि घोटा अंगाखाली असा वळला की कापसाची वाळलेली पराटी मोडल्यासारखा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

बाजूच्या शेतात निंदण करणाऱ्या दोन बाया धावत आल्या. त्यांनी बैलबंडी बोलावली, मला तीत घातलं. बंडीतूनच मी तेव्हाच्या साहेबांना फोन लावला.

"सर, मी पडले. पाय मोडला बहुतेक."

"अरे रे. डबा ठीक आहे ना?"

"हो सर."

"झाकण उघडलं नाही ना? बर्फ?"

"आहे सर, बर्फ आहे."

"शाब्बास," ते म्हणाले.

त्या दिवसाच्या अहवालात शेऱ्याच्या रकान्यात 'लस सुरक्षित' अशी नोंद आहे. माझ्याविषयी काही नाही. शेऱ्याचा रकाना अरुंद असतो, मला राग आला नाही.

सेवाग्रामला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. सुट्टी देताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "हाड जुळेल. पण हा घोटा आता जन्मभर तुमच्याशी बोलत राहणार. ऐकत जा त्याचं." मी मान डोलावली, तीन महिन्यांनी कामावर रुजू झाले आणि पुढची सतरा वर्षं त्याचं एक अक्षर ऐकलं नाही.

यात थोडी भीती होती. पाय दुखतो म्हटलं की तालुक्याच्या ऑफिसात टेबलावर बसवतील आणि जन्मभर तक्ते भरावे लागतील, ही भीती. बाकी सगळा तोरा. लोकांच्या तब्येती पाहणारी बाई स्वतःच लंगडत आली तर तिच्या हातून गोळी कोण घेईल, असं मला वाटायचं. म्हणून गावात शिरताना मी वेशीवरच्या कडुनिंबाखाली स्कूटी थांबवायची, दोन मिनिटं पाय मोकळा करायची आणि मग परेडला निघाल्यासारखी ताठ चालायची. उभं राहताना सगळा भार डाव्या पायावर. असं बारा-तेरा वर्षं चाललं आणि मग डावा गुडघा कुरकुरायला लागला. उजव्याची ड्युटी इतकी वर्षं त्यानंच केली होती, जादा भत्ता न घेता. त्याचंही बरोबर होतं.

लंगडणं मी लपवते असं मलाच वाटत होतं. पाचही गावांना ते माहीत होतं. ज्या घरी सल्ला द्यायला जावं त्या घरून मी सल्ला घेऊन निघायची. कोणी निरगुडीचा पाला हातात द्यायचं, कोणी सांगायचं अमक्या गावच्या हाडवैद्याकडून एकदा पाय ओढून घ्या. एका बाईनं तर मला कॅल्शियमच्या गोळ्या देता देताच थांबवलं.

"सिस्टर, खरं सांगू का, तुमच्या गोळ्यानं मले काहीच फरक पडला नाई. पण रुईचं पान गरम करून बांधलं तं गुडघा कसा मोकळा झाला! तुमी पण बांधून पाहा."

"गोळ्या घेता का पण रोज?"

"नाई ना बाप्पा. फरकच नाई तं कायले घेऊ?"

घरी पिपरी मेघेला आमच्या ह्यांचा वेगळा उपचार. हे शाळेत मास्तर. रोज संध्याकाळी मी दारात बूट काढायला बसले की खुर्चीतून म्हणायचे, "अवं, आराम करत जा. अंगावर काढू नये दुखणं." आणि मी उठून आत जायला लागले की, "आतच चालली तं चहा टाक." त्यांच्या मते आराम चहानंतर सुरू होतो. भांडी झाल्यावर तो संपत असावा, मला कधी सापडला नाही.

असं सगळं नीट चाललं होतं. मग तालुक्याला नवे साहेब आले.

तरुण होते, मनानं चांगले होते, आणि स्वतः पहाटे पळायचे. पहिल्याच महिन्यात पत्र निघालं: सर्व कर्मचाऱ्यांनी रोज दहा हजार पावलं चालावीत. पावलं मोजायचं ॲप प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये टाकून घेतलं. दर सोमवारी ग्रुपवर यादी यायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मला आधी हसू आलं. माझ्यापेक्षा जास्त कोण चालतं? सोमवारी यादी आली. मी खालून दुसरी. माझ्याखाली बाळंतपणाच्या रजेवरची एक बाई होती.

कारण सरळ होतं. दिवसभर माझा मोबाईल एक तर स्कूटीच्या डिकीत, नाही तर अंगणवाडीच्या टेबलावर. लस देताना एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात लेकराची मांडी असते, मोबाईलला तिसरा हात नाही. मी चाललेलं माझ्या घोट्याला माहीत होतं, ॲपला नाही. आणि यादीत पहिला होता आमच्या ऑफिसचा बाबू. या माणसाला चहाच्या टपरीपुढं गेलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्याची पावलं रोजची चौदा हजार.

इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले, मोबाईल मुठीत धरला आणि आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं, असे फेरे सुरू केले. शेजारणी फाटकात उभ्या राहून बघायच्या. एकीनं ह्यांना विचारलंसुद्धा, "मास्तर, सिस्टर काही शोधून राह्यल्या काय? काय हारपलं?" पहिल्या आठवड्यात सहा हजार झाले, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात अकरा. साहेबांनी ग्रुपवर टाळ्या वाजवणारे हात पाठवले. मी ते हात ह्यांना दाखवले. एकविसाव्या दिवशी सकाळी पाय बुटात जाईना. घोटा कवठाएवढा झाला होता.

पुन्हा सेवाग्राम. फोटोत हाड आणि स्क्रू जागेवर होते. मला व्यायामाच्या विभागात पाठवलं. तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिनं पाय हातात घेतला, हळू वळवून पाहिला.

"काय केलंत काकू?"

"चालले."

"किती?"

"दहा हजार. कधी अकरा."

"कोणी सांगितलं?"

"साहेबांनी."

"साहेबांच्या घोट्यात स्क्रू आहेत?"

मी म्हटलं, तपासलं नाही.

मग तिनं मी दिवसभर काय करते ते विचारलं. मी सांगितलं: गावं, गृहभेटी, डबा, सत्र. ती लिहीत होती ती थांबली. "म्हणजे आठ तास काम करायचं, आणि व्यायाम म्हणून पहाटे उठून परत तेच काम करायचं. बरोबर?" असं कोणी मला आधी मांडून दाखवलं नव्हतं.

तिनं चालणं बंद केलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. पडून राहिलात तर सांधा आखडेल, ती म्हणाली. पण चालणं तोडून तोडून करायचं, मध्ये बसायचं. घोट्याला धरून ठेवणारा बूट घालायचा. डबा एका खांद्यावर लटकवायचा नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि दिवसातून तीनदा, भिंत किंवा खांब धरून, टाचा वर उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या, दहा वेळा.

"आणि दुखायला लागल्यावर थांबू नका. त्याच्या आधी थांबा."

"आधी कसं कळणार?"

"सतरा वर्षं झाली ना काकू? कळतं तुम्हाला. तुम्ही कबूल करत नाही."

मी महिन्याला शंभर बायांना सांगते, ताई, दुखणं अंगावर काढू नका. माझा चेहरा कसा झाला असेल ते बरं की मला दिसलं नाही.

टाचा उचलायला मला वेळ सापडला तो सत्रातच. लस दिल्यावर आई आणि लेकराला अर्धा तास थांबवून ठेवावं लागतं. तेव्हा मी अंगणवाडीच्या व्हरांड्यातला खांब धरायची आणि टाचा वर, टाचा खाली. पहिल्या दिवशी नातीला घेऊन आलेली एक म्हातारी बराच वेळ बघत होती.

"काऊन वो सिस्टर, उचकून उचकून कोनाले पाहून राह्यल्या? कोनी येऊन राह्यलं काय?"

"कोणी नाही आजी. व्यायाम आहे, पायाचा."

"मग आमाले नाई काय पाय?" असं म्हणून तिनं नात सुनेकडं दिली आणि दुसरा खांब धरला. तिच्या डाव्या पायाची बोटं एकावर एक चढलेली होती. मी विचारलं, हे कधीचं?

"बैलानं पाय देल्ला होता. लगन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी."

"दाखवलं नाही कुठं?"

"दाखवून? कापूस तं मलेच वेचा लागे."

त्या पायानं तिनं आयुष्यभर कापूस वेचला होता. मी इतकी वर्षं तिच्या घरी जात होते आणि तो पाय पाहिला नव्हता.

मग सून उठली, मग बाकीच्या. खांब दोनच, म्हणून कोणी भिंत धरली, कोणी एकमेकींचे खांदे. आठ-नऊ बाया, काहींच्या खांद्यावर लेकरं, सगळ्यांच्या टाचा वर आणि खाली, आणि अंगणवाडीताई मुलांना शिकवते त्या सुरात आकडे म्हणतेय. हसून हसून निम्म्यांचा तोल जात होता. नेमकी त्याच वेळी साहेबांची जीप आली.

साहेब उतरले ते मोबाईल काढतच. "थांबू नका, थांबू नका, चालू ठेवा!" चार बाजूंनी फोटो घेतले. मला म्हणाले, "सिस्टर, हे तुम्ही स्वतः सुरू केलं? ग्रेट आहे." मी सांगायला तोंड उघडलं की सर, माझा पाय दुखतो म्हणून, पण ते तोवर जीपमध्ये बसले होते. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. खाली नाव होतं: 'लसीकरणोत्तर प्रतीक्षा कालावधीत माता व्यायाम उपक्रम'. चौथ्या दिवशी नोंदवही आली. किती माता, किती टाचा.

आमची आशाताई वही उघडून बसली. मी विचारलं, "एका बाईची टाच एक धरायची की दोन?"

"दोन धरा सिस्टर. आकडा चांगला दिसते."

या उपक्रमापायी मी आदर्श झाले. पावलांच्या स्पर्धेचा समारोप देवळीला एका सभागृहात ठेवला होता आणि प्रमुख भाषण माझं: 'माझ्या तंदुरुस्तीचं रहस्य'. सभागृह दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चांगला पाय आधी, असं करत मी रहस्य घेऊन वर चढले. वर पाहुण्यांची वाट बघत आम्ही सत्काराच्या रांगेत पाऊण तास उभे होतो. मग दिवा. मग स्वागतं. मग आरोग्यासाठी बैठं काम कसं वाईट यावर पाहुण्यांचं तासभर बोलणं, ते आम्ही बसून ऐकलं. मग बाबूला पहिला नंबर, कप, फोटो. मग माझं नाव.

मी माईकपाशी गेले आणि खुर्ची मागितली. सूत्रसंचालन करणारा कानाशी आला. "मॅडम, भाषण उभ्यानं करतात."

"मग तुम्ही करा."

खुर्ची आली. मी बसले. रात्री ह्यांच्याकडून तपासून घेतलेलं भाषण पर्समध्येच राहिलं.

मी म्हटलं, "मी तंदुरुस्त नाही. माझ्या घोट्यात सहा स्क्रू आहेत. तुमच्या दहा हजार पावलांपायी मी मागच्या महिन्यात दवाखान्यात जाऊन आले. ते टाचा उचलणं उपक्रम नाही, माझा इलाज आहे. मला काम सोडायचं नाही. टेबलपण नको. निवृत्तीपर्यंत मला गावातच फिरायचं आहे, आणि म्हणूनच आज सांगते. मला बसायला खुर्ची पाहिजे आणि डबा गावापर्यंत न्यायला गाडी पाहिजे. आणि ती सोमवारची यादी मला पाठवू नका."

कोणी टाळी वाजवली नाही. साहेबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मला वाटलं, गेलं, उद्यापासून तक्ते.

तेवढ्यात मागून जीपचा ड्रायव्हर उठला. "सर, माफी असावी. माई मान सहा वर्षांपासून वळत नाई. गाडी मांगं घेताना मी आरशाच्या भरोशावर राह्यतो." साहेब रोज त्याच जीपमध्ये बसायचे. त्यांनी खुर्ची सावरली. मग औषध वाटणारे काका म्हणाले, खांद्याच्या वर हात जात नाही, म्हणून सगळ्या औषधी खालच्या फळीवर ठेवल्या आहेत. आणि मग बाबू, हातात कप धरून. त्यानं शर्ट थोडा वर केला. कमरेला रुंद पट्टा होता.

"नस दबलेली हाय सर. शंभर पावलं चाललो का पाय सुन्न पडते."

"मग चौदा हजार?" साहेब म्हणाले.

"पाळणा, सर."

"काय?"

"नातवाच्या पाळण्याले मोबाईल बांधत होतो. दोरी माई बायको ओढे."

सभागृह असं हसलं की पाहुण्यांनाही हसावं लागलं. बाबू मात्र हसला नाही. हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "मले वाटलं, नंबर खाली आला तं दूर कुठं बदलीवर टाकान." त्यानं कप टेबलावर ठेवला आणि हळू, एक हात टेबलाला लावून, खुर्चीत बसला. कंबर दुखणारं माणूस कसं बसतं ते मला माहीत आहे. इतक्या मीटिंगांत मी ते कधी पाहिलं नव्हतं, कारण मी माझा पाय लपवण्यात गुंतलेली असायची.

साहेब उठले. मग म्हणाले, "मी विचारलंच नाही कोणाला." तेवढंच. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना पावलांचं सगळं माफ केलं.

पण साहेब शेवटी साहेबच. आठ दिवसांत प्रपत्र आलं: 'कर्मचारी जुनी दुखापत माहिती'. अवयवाचं नाव, बाजू डावी की उजवी, आणि शेवटचा रकाना, 'दुखापत पूर्ण बरी होण्याचा अपेक्षित दिनांक'. मी तो कोरा सोडला. बाबूचा फोन आला.

"सिस्टर, तारीख टाका. रकाना रिकामा चालत नाई."

"तुम्ही तुमच्या कमरेची काय टाकली?"

"निवृत्तीची."

मीपण तीच टाकली, माझी. प्रपत्रं वर गेली. वरून अजून काही आलं नाही. खुर्ची मात्र आली आणि सोमवारची यादी बंद झाली. गाडी मंजूर झाली नाही. पण सत्राच्या दिवशी जीप कुठल्याही दिशेला निघालेली असो, ती आधी आमच्या फाट्यावरून जाते आणि ड्रायव्हर डबा उतरवून देतो. कागदावर याचा कुठं उल्लेख नाही. फाट्यापासून पुढं डब्याचा एक पट्टा माझ्या हातात, दुसरा आशाताईच्या. आमची चाल जमायला महिना गेला. ती झपाझप चालणारी.

पाय दुखतोच. थंडीत जास्त. सकाळी पहिली दहा पावलं मी पलंगाचा कठडा धरून टाकते, आणि आता ह्यांच्या देखत टाकते. ते बघतात, उठतात आणि चहा ठेवतात. साखर जास्त पडते. मी पिऊन टाकते.

एक गोष्ट मात्र मी धरून चालले नव्हते. आता चार घरं झाली की मी पाचव्या घरच्या ओट्यावर बसते. पूर्वी दारातून उभ्यानंच विचारायची, "सगळं ठीक?" आतून "ठीक" आलं की वहीत बरोबरची खूण आणि पुढं. बसलं की माणसं वेगळं बोलतात. मागच्या हिवाळ्यात एका घरी आठव्या महिन्यातली सून होती. तिनंही आधी "ठीक हाय" म्हटलं. मी बूट सैल करत बसून राहिले. सासू आत पाणी आणायला गेली तशी सून हळूच म्हणाली, "सिस्टर, आठ दिवस झाले, डोये अंधारून राह्यले. डोकं लय दुखते."

मी तिथंच ब्लडप्रेशर पाहिलं, फार वाढलेलं. मशीन चुकलं असेल म्हणून पुन्हा पाहिलं. मग फोन लावला, गाडी येईपर्यंत तिच्याजवळ बसले आणि देवळीपर्यंत तिच्यासोबत गेले. तिथून तिला पुढं सेवाग्रामला नेलं. दोन आठवडे ठेवून घेतलं. मुलगी झाली, वजनानं कमी, पण रडायला खणखणीत. उभ्यानं विचारून गेले असते तर माझ्या वहीत बरोबरची खूण असती.

आता त्या घरी मी पोचायच्या आधी खाट अंगणात येते. सासू पदरानं ती झाडते, मला दंडाला धरून बसवते. "बसा सिस्टर. घाई कायची हाय?" सून मुलीला घेऊन समोर टेकते. मी आधी बुटाची लेस सैल करते, मग वही काढते, आणि विचारते, "हं, आता सांगा."